जेद्दातला अठरा नंबर

जेद्दाला मी भावाकडे दहा दिवस राहून आले. समुद्रकाठचा कॉर्निश, मॉल, वहिनीबरोबरची खरेदी, सगळं छान झालं. पण घरी परतल्यापासून ज्याला त्याला सांगतेय ते एकाच दिवसाबद्दल.

भावाने इत्तिहादच्या, म्हणजे जेद्दातल्या फुटबॉल क्लबच्या, सामन्याची तिकिटं काढली होती. तेव्हा फ्रान्सचा प्रसिद्ध गोल करणारा खेळाडू बेन्झेमा इत्तिहादकडून खेळत होता आणि मला फक्त त्यालाच बघायचं होतं. सौदीत बायकांना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जायला मिळू लागलं ते जानेवारी २०१८ पासून, आणि सुरुवात झाली ती जेद्दातूनच, त्यामुळे आधीच अंगावर काटा होता. सामना रात्रीचा. भावाला आणि वहिनीला काम होतं, म्हणून दुपारी मला जुनं शहर दाखवायला चाचा आले. चाचा मूळचे खेडजवळचे. तीस वर्षांहून जास्त काळ इथे गाडी चालवतायत, पण तोंड उघडलं की थेट कोकण. गाडीत मागच्या काचेला उन्हाने विटलेला एक स्टिकर होता, पिवळ्यावर काळे आकडे, १८.

अल-बलद म्हणजे जुनं जेद्दा. प्रवाळाच्या दगडांची उंच घरं आणि त्यांना बाहेर आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या, ज्यांना तिथे रोशन म्हणतात. फार सुंदर आहे, पण मी तिथे जेमतेम अर्धा तास फिरले असेन. पाय दुखायला लागले तसं चाचांनी एका टपरीवर बसवलं, अदनी चहा मागवला आणि विचारलं, "बेन्झेमाला बघायला चाललात ना, ताई?"

मी हो म्हटलं. मग स्टिकरचं विचारलं.

"मोहम्मद नूर," चाचा म्हणाले, आणि चहाबरोबर आलेल्या ताटलीतले खजूर एकेक करून टेबलावर मांडायला लागले.

नूर मक्केचा, जन्म १९७८ चा. मधल्या फळीत खेळायचा, पाठीवर अठरा नंबर, पुढे इत्तिहादचा कप्तान. २००२ आणि २००६ च्या विश्वचषकात देशाकडूनही खेळला. पण चाचांना सांगायची होती ती २००४ ची गोष्ट. आशियाई चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा. अंतिम फेरी दोन सामन्यांची, गोल दोन्हींतले मिळून मोजायचे, समोर कोरियाचा सॉन्गनाम. पहिला सामना जेद्दात, आणि इत्तिहाद घरच्या मैदानावर १-३ हरला. चाचा त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. "तिसरा गोल झाला नि लोक उठून चालायला लागले. मी नाय उठलो. पाय उचलतच नव्हते."

आठवड्याभराने दुसरा सामना, कोरियात. दोन गोलांची पिछाडी घेऊन गेलेला संघ तिथे ५-० जिंकला. नूरचे त्यात दोन गोल. चाचांनी तो सामना एका लाँड्रीतल्या छोट्या टीव्हीवर बघितला, इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून, यमनी, बंगाली, मलबारी सगळे मिळून. हे सांगताना त्यांचं बोट खजुरांवरून फिरत होतं. एक खजूर मधोमध. "हा नूर. बॉल याच्याकडे आला की बाकीचे आधीच पळायला लागायचे. त्यांना माहीत, बरोबर पायात मिळणार."

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, इत्तिहादने तोच चषक पुन्हा जिंकला आणि टोकियोला क्लबांच्या जागतिक स्पर्धेत गेला. समोर इजिप्तचा अल-अहली, ५५ सामने न हरलेला. इत्तिहाद १-० जिंकला, गोल नूरचा. उपांत्य फेरीत ब्राझीलच्या साओ पावलोकडून २-३ हार झाली, पण तिथेही नूरने गोल केलाच. २००९ मध्ये इत्तिहाद पुन्हा आशियाच्या अंतिम सामन्यात होता. कोरियाच्या पोहांगने २-१ हरवलं, आणि इत्तिहादचा तो एकुलता एक गोलही नूरचाच.

मग चाचा गप्प झाले. मधला खजूर उचलून त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला. "२०१३ ला रियाधला गेला. अल-नस्रकडे. जर्सी तिथली पण पिवळीच, ताई. फक्त काळ्याच्या जागी निळा." त्या मोसमात अल-नस्र १९९५ नंतर पहिल्यांदा सौदीची लीग जिंकला. चाचांनी त्या वर्षी एकही सामना बघितला नाही. नंतर नूर इत्तिहादकडे परत आला, तेव्हा त्यांनी नवा स्टिकर आणला. तोच हा, विटलेला.

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. परदेशात माझी सरबराई पुष्कळांनी केली आहे, पण स्वतःच्या आयुष्यातली इतकी जपलेली गोष्ट कुणी माझ्यापुढे अशी उलगडून ठेवली नव्हती.

स्टेडियम शहराच्या उत्तरेला, विमानतळाच्याही पुढे. लोक त्याला अल-जौहरा म्हणतात, म्हणजे रत्न, आणि रात्री लांबून तसंच दिसतं. आत आवाज असा की शेजारी बसलेल्या वहिनीचं बोलणं ऐकू येईना. पूर्वार्धभर मी बेन्झेमालाच बघत होते. उत्तरार्धात मात्र नजर आपोआप मधे यायला लागली. बॉल कुणाकडे येतो, तो मान वर करून कुठे बघतो, कोण आधीच पळायला लागतं. आयुष्यभर मी फुटबॉल गोलाच्या बाजूने बघत आले, हे मला तिथे कळलं.

सामना सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला तासाच्या वर लागला. या बाबतीत माझी खरंच तक्रार आहे. लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं ताटकळत होती आणि रांग कुठून सुरू होते तेही कळत नव्हतं. चाचा मात्र शांत. भाऊ नि वहिनी मागे झोपून गेले. चाचांनी गोल किती झाले ते विचारलं नाही, ते त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं.

"मधे कोण चालवत होता, ताई?"

पुढे खजुराचा डबा होता. मी तो उघडला, आणि मांडीवर रुमाल पसरून त्यावर एकेक खजूर लावायला लागले.