पीएसए पुन्हा वाढला: पीएसएमए पेट स्कॅन कधी करावा आणि कसा वाचावा

कॅन्सरमुळे ऑपरेशन करून प्रोस्टेट काढली की पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण, जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो पुन्हा 0.2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, की आजार परतला असं धरतात. रेडिएशन घेतलेल्यांची ग्रंथी जागेवरच असते, म्हणून तिथे हिशेब वेगळा: उपचारांनंतरच्या सर्वांत खालच्या आकड्याहून 2 ने वाढ. पण आजार नेमका कुठे आहे, हे पीएसए सांगत नाही. सीटीवर लिम्फ नोड (लसिका गाठ) फुगलेला दिसला तरच शंका येते, आणि परतलेला आजार अनेकदा 8 मिलिमीटरहूनही लहान नोडमध्ये असतो.

नेहमीचा एफडीजी पेट (किरणोत्सारी ग्लुकोज देऊन काढलेला स्कॅन) इथे सहसा कामाचा नाही, कारण बरेचसे प्रोस्टेट कॅन्सर ग्लुकोज फारसं ओढत नाहीत. म्हणून पीएसएमए. हे प्रथिन प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर खूप जास्त असतं आणि ट्रेसर, म्हणजे इंजेक्शनने दिलेला किरणोत्सारी पदार्थ, त्यालाच चिकटतो. गॅलियम-68 चा ट्रेसर 68 मिनिटांत निम्मा उरतो, फ्लोरिन-18 चा 110 मिनिटांत. गॅलियमची वेळ ठरलेली असताना तासभर उशिरा पोचलात, तर तुमच्यासाठी बनवलेला डोस बाटलीतच जवळपास अर्धा होतो.

उपाशी राहावं लागत नाही. स्कॅनच्या आधीच्या दोन तासांत अर्धा लिटर पाणी प्यावं. इंजेक्शननंतर साधारण तासाभराने स्कॅन होतो.

आता लघवीबद्दल. गॅलियमचा पीएसएमए-11 किडनीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे मूत्राशय चित्रात प्रखर चमकतं. ऑपरेशननंतर आजार परतण्याची एक नेहमीची जागा म्हणजे मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे जोडलेले असतात तो टाका, आणि तो अगदी मूत्राशयाच्या खालीच. तिथला चार-पाच मिलिमीटरचा ठिपका त्या उजेडात सहज बुडतो. म्हणून बरेच जण फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) देतात, टेबलावर जाण्याआधी लगेच लघवी करायला लावतात आणि स्कॅन मांड्यांपासून डोक्याकडे घेतात, म्हणजे मूत्राशय पुन्हा भरण्याआधीच ओटीपोट आटोपतं. 'आत्ताच तर जाऊन आलो' असं वाटलं तरी पुन्हा जा. इथला आळस थेट रिपोर्टवर उतरतो. फ्लोरिनचा पीएसएमए-1007 मुख्यतः यकृतावाटे जातो, त्यामुळे टाक्याजवळचा भाग स्वच्छ दिसतो; पण त्याची किंमत म्हणजे बरगड्यांत दिसणारे निरर्थक ठिपके.

प्रत्येक चमक कॅन्सर नसते. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, किडनी, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग नेहमीच चमकतात. पोटातल्या आणि त्रिकास्थीसमोरच्या मज्जातंतूंच्या गुच्छांत ट्रेसर साचतो आणि ते नोडसारखे वाटतात. सीटीवर गोल गाठीऐवजी पट्टीसारखा किंवा थेंबासारखा आकार दिसला की उलगडा होतो. मूत्रवाहिनीत अडकलेला लघवीचा थेंबही तसाच फसवतो. जुनं फ्रॅक्चर, हाडातला हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ), पॅजेट हा हाडांचा आजार यांतही ट्रेसर जातो. बरगडीतल्या एकट्या फिकट ठिपक्यावर 'हाडात पसरला' असा शिक्का मारून पुढचे उपचार बदलणं हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

स्कॅन किती वेळा काही दाखवेल, हे पीएसएवर अवलंबून असतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 635 रुग्णांच्या अभ्यासात पीएसए 0.5 च्या खाली असताना 38 टक्क्यांमध्ये जागा सापडली, 0.5 ते 1 मध्ये 57, 1 ते 2 मध्ये 84 आणि 5 च्या वर 97 टक्क्यांमध्ये. हे वाचून 'आकडा वाढू द्या, मग नीट दिसेल' असं वाटतं, आणि इथेच घात होतो. ऑपरेशननंतर आजार परतल्यावर दिलं जाणारं बचावाचं रेडिएशन पीएसए कमी असतानाच, शक्यतो 0.5 च्या आत, जास्त चांगलं लागू पडतं. स्कॅन निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असं नव्हे. तो स्कॅनला दिसण्याइतका मोठा नाही, किंवा त्याच्या पेशींवर पीएसएमए कमी आहे. रेडिएशन द्यायचं ठरलं असेल तर स्कॅन निगेटिव्ह आला म्हणून ते थांबवू नये.

हॉर्मोनचं (पुरुषी हॉर्मोन दाबणारं) इंजेक्शन नव्याने सुरू होणार असेल, तर आधी स्कॅन करून घ्यावा. दीर्घकाळ हे इंजेक्शन चालू असलं की आजार आक्रसतो आणि छोट्या जागा दिसेनाशा होतात. म्हणून फॉर्मवर ताजा पीएसए तारखेसह, आधीचे दोन-तीन आकडे, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे तो आकडा), ऑपरेशन किंवा रेडिएशनची तारीख आणि शेवटच्या हॉर्मोन इंजेक्शनची तारीख एवढं तरी हवंच.