कंपनी की सरकार? एका नोटिशीचा माझा अनुभव

पुण्यात सात वर्षं वकिली करून 2019 साली मी फ्लोरिडात एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करत होते. वर्गात एक काल्पनिक प्रकरण मिळालं. कैद्यांकडून माल बनवून घेणाऱ्या कंपनीच्या ट्रकने सायकलवरच्या बाईंना उडवलं, हॉस्पिटलचं बिल 9 लाख डॉलर. दाव्याची कागदपत्रं तयार करायची.

मला ते सोपं वाटलं. फ्लोरिडातले तुरुंगातले कारखाने 'प्राइड' ही ना-नफा कंपनी चालवते. 1981 मध्ये विधिमंडळाने ती उभी केली. राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा तीच बनवते. स्वतःचं संचालक मंडळ, स्वतःचा हिशोब. म्हणजे खासगीच, असं धरून मी थेट दावा लिहिला. सरांनी तो परत दिला, वर एकच ओळ: 'नोटीस कुठे आहे?'

मग फ्लोरिडाच्या कायद्यातलं कलम 768.28 उघडलं. राज्यावर किंवा त्याच्या एजन्सीवर भरपाईचा दावा लावायचा तर आधी नोटीस द्यायची, असं ते सांगतं. राज्याच्या एजन्सीच्या व्याख्येत, प्रामुख्याने राज्याचं साधन म्हणून काम करणारी महामंडळंही येतात. प्राइड त्यातच मोडते, असं 1994 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ठरवलं, आणि कलम 946.5026 मध्येही ते स्पष्ट लिहिलेलं आहे. रोजचा कारभार कंपनी पाहते, पण संचालक गव्हर्नर नेमतो, कारखाने तुरुंग खात्याकडून लीजवर मिळतात आणि कंपनी बंद पडली तर मालमत्ता राज्याकडे जाते. दोरी सरकारच्या हातात, हे मलाही पटलं.

नोटिशीचा नमुना मात्र पटला नाही. कंपनीला आणि राज्याच्या वित्त विभागाला, दोघांनाही लेखी कळवायचं, तेही तीन वर्षांच्या आत. जन्मतारीख, जन्मस्थळ, सोशल सिक्युरिटी नंबर. आणि 200 डॉलरच्या वर दंड किंवा निवाड्याची रक्कम राज्याला देणं असेल तर तेही कळवायचं. पाय मोडलेल्या माणसाला आधी स्वतःचं देणं सांगावं लागतं, हे वाचून मी बराच वेळ थांबले.

आपल्याकडे सरकारवर दावा लावताना सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस देतोच. 1965 च्या कस्तुरीलाल निकालात तर पोलिसांच्या ताब्यातलं सोनं गेलं तरी सार्वभौम कामाच्या, म्हणजे फक्त सरकारच करू शकतं अशा कामाच्या, नावाखाली सरकार सुटलं. पण येरवड्याचा कारखाना कारागृह विभागच चालवतो, त्यामुळे 'कंपनी की सरकार' हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

फ्लोरिडात राज्याच्या एजन्सीकडून मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा तेव्हा एका माणसाला 2 लाख डॉलर होती. प्राइडचे कैदी किमान वेतनाच्या कायद्याखाली कामगार नाहीत, असा 1997 चा फेडरल निकालही आहे. बाजारात कंपनीसारखा माल विकायचा आणि अपघात झाला की सरकार व्हायचं, हे मला अजूनही चुकीचं वाटतं. विकण्यासाठी माल बनवणाऱ्या संस्थेला ही मर्यादा नसावी.

उरलेल्या 7 लाखांसाठी विधिमंडळात खास विधेयक आणावं लागतं, आणि त्यासाठी ते मांडणारा आमदार हवा. दुसऱ्या मसुद्याला नोटिशीसोबत मी आमदाराला लिहिलेलं दोन पानी पत्रही जोडलं. ते कोणी मागितलं नव्हतं.