ॲनल ग्लँडची नोंद : सहावा आठवडा, न पिळता

कुत्री स्पिट्झ, वय ७ वर्षं. सुरुवातीचं वजन ९.४ किलो, आजचं ८.८. तक्रार नेहमीचीच: फरशीवर ढुंगण घासत पुढे सरकणं, शेपटीचं मूळ चावणं, बसल्याबसल्या दचकून उठणं आणि सडक्या मासळीसारखा वास. याआधी दर तीन आठवड्यांनी या ग्रंथी, म्हणजे गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या स्रावाच्या पिशव्या, पिळून आणाव्या लागायच्या. डॉक्टरांनी शेवटच्या पिळल्या त्या पहिल्या दिवशी. उजवीतून पातळ, पिवळट तपकिरी पाणी आलं, ते ठीकच. डावीतून मात्र टूथपेस्टसारखी राखाडी वात निघाली. रक्त किंवा पू नव्हता.

गुदद्वाराला घड्याळ मानलं तर या पिशव्या ४ आणि ८ च्या जागी असतात. घट्ट शी बाहेर पडताना त्यांच्यावर दाब येतो आणि त्या आपोआप रिकाम्या होतात. शी सैल असेल तर तो दाबच पडत नाही; आतला स्राव साठतो, आटतो, आणि वाट तुंबते. नुसतं पिळत राहिलं तर कारण जागच्या जागी राहतं, वर तिथली त्वचा सुजते ती वेगळीच.

पहिले दोन आठवडे फक्त दूध बंद केलं. आपल्या सोलापुरात दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी कुत्र्याला हौसेने घालतात. थोड्या भाकरीने बिघडत नाही, पण प्रौढ कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही आणि शी पातळ होते. शेंगाचटणी लागलेला तुकडाही बंद. त्यातला लसूण कुत्र्याला विषारी.

तिसऱ्या आठवड्यात चोथा वाढवला. साल-बिया काढून वाफवलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, १ मोठा चमचा दोन्ही वेळा. चौथ्या दिवशी शी उलट मऊ झाली, म्हणून भोपळा निम्म्यावर आणला आणि रात्रीच्या जेवणात पाव लहान चमचा इसबगोल सुरू केलं. ते पाव वाटी पाण्यात १० मिनिटं फुगवूनच घालायचं. कोरडं घातलं तर पोटातलं पाणी ओढून शी अडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुत्रं आधीच पाण्याला कमी पडलेलं असतं. शीची परीक्षा सोपी: कागदाने उचलल्यावर फरशीवर डाग राहायला नको. चौथ्या आठवड्यापासून राहत नाही.

पाचव्या आठवड्यात घासणं पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांनी तपासलं तर ग्रंथी रिकाम्या! शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे चिकटले होते: पट्टकृमी. वजनावर प्राझिक्वांटेलची गोळी दिली, आणि पिसवांचं औषधही, कारण हा जंत पिसू गिळल्याने होतो. चार दिवसांत घासणं थांबलं. घासलं की ग्लँड, असं धरून चालू नका.

एका बाजूला लाल, गरम, दुखरी सूज दिसली तर हात लावू नका. तो गळू असतो. दाबला तर आतल्या आत फुटू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रिकामी केल्यावरही कडक गाठ लागत असेल आणि कुत्रं एकाएकी जास्त पाणी पीत असेल, तर गाठीची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम दोन्ही करून घ्या. तिथे कर्करोगाची शक्यता असते.

पुढे: वजन ८ किलोवर आणायचं, आठव्या आठवड्यात डावी बाजू पुन्हा दाखवायची. तोवर इसबगोल आहे तेवढंच.