सभा झाली, खर्च शून्य

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझी नेमणूक खर्चाच्या लेखा पथकात होती. उमेदवार आपली नोंदवही लिहितो, आम्ही त्याच्या खर्चाचं शॅडो रजिस्टर, म्हणजे आमची समांतर नोंदवही, लिहितो आणि प्रचाराच्या काळात किमान तीनदा दोन्हींचा ताळमेळ घेतला जातो. मर्यादा ४० लाखांची.

एका मोठ्या पक्षाच्या स्टार प्रचारकाची सभा झाली. तिचं चित्रीकरण मी रात्री बसून पाहिलं. कॅमेरा वळला की थांबवायचं, एका रांगेतल्या खुर्च्या मोजायच्या, मग रांगा मोजायच्या. मांडव चौरस फुटांत. एलईडी पडदे, बॅरिकेड, हार, मांडवामागचा जनरेटर (नवख्याच्या नजरेतून तो हमखास सुटतो). जिल्ह्याचं दरपत्रक समोर ठेवून एकेका ओळीला रक्कम लावली. इतका चोख हिशेब आमच्या पथकात दुसऱ्या कुणी केला नसता.

तपासणीच्या दिवशी उमेदवाराचा प्रतिनिधी आला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "साहेब, आमचे उमेदवार मंचावर होते? फ्लेक्सवर फोटो आहे? भाषणात नाव आलंय?" मी अख्खं भाषण पुन्हा ऐकलं. चिन्ह होतं, पक्ष होता, नाव कुठेच नव्हतं. म्हणजे तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ उमेदवाराच्या खर्चाला बांधतं; पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. खर्च निरीक्षकांनी त्याचं म्हणणं मान्य केलं आणि नियमाने ते बरोबरच होतं. उमेदवाराच्या खाती शून्य.

त्याच दुपारी एका अपक्षाला नोटीस निघाली. भोंगे लावलेल्या दोन रिक्षांचं भाडं त्याने नोंदवलं नव्हतं. ४८ तासांत खुलासा द्यायचा, नाहीतर रक्कम खात्यात धरली जाणार. पावत्या शोधताना त्याचे हात थरथरत होते. हेही नियमानेच.

संध्याकाळी पक्षाच्या उमेदवाराची जमेची बाजू तपासली. सगळ्यात मोठी रक्कम एका ओळीत होती: पक्षाकडून. पैसे बँकेतून आलेले, कागद स्वच्छ. पक्षाला ते कुणी दिले, याला आमच्या रजिस्टरात रकाना नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचं नाव जाहीर न होता पक्षाला पैसे देण्याची योजना, रद्द केले. पक्षाला पैसा कुठून येतो हे कळणं मतदाराचा हक्क आहे, असं सांगितलं. त्यानंतरची ही निवडणूक. तरीही २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला आयोगाकडे कळवावं लागत नाही, आणि मोठ्या देणग्यांची नावं येतात तीही वर्ष सरल्यावर.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. रिक्षाचं भाडं मतदानाआधी जुळवता येतं, तर सभेचा खर्च का नाही? मतदान २० नोव्हेंबरला झालं, ५ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. पक्षांना खर्चाचं विवरण द्यायला निवडणूक संपल्यापासून ७५ दिवस असतात. खुर्च्यांचा तो तक्ता मी फाडला नाही. पुढच्या वेळी आयोगाने सूचना मागवल्या, तर पक्षाचा मतदारसंघनिहाय खर्च मतदानाआधी जाहीर करा, असं लिहून त्याला तोच तक्ता जोडणार आहे.