गॅदरिंग आणि बार्शी लाइट

आमच्या शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिकेत 'सायंकाळी ठीक सहा' छापलेलं असायचं आणि पडदा उघडायचा साडेसातनंतर. गाडीचा यात काही दोष नव्हता. कुर्डुवाडीहून लाइट, म्हणजे आमची अरुंद रुळांची छोटी रेल्वे, यायची वेळच ती, आणि पाहुणे, मेकअपवाला, एका वर्षी तर भाड्याची पेटीसुद्धा तिच्यातूनच यायची. तरी सहा छापायची रीत कुणी मोडली नाही.

गाडी आल्याची वर्दी द्यायला दोन पोरांना सायकलवर स्टेशनात पिटाळायचे. त्यातला एक मी. स्टेजमागे मावळे मिशा हातात धरून बसलेले असायचे. एकदा मी शिट्टी ऐकली म्हणून ओरडत आलो, बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, आणि तो निघाला गिरणीचा भोंगा! दुसऱ्या दिवशी शेलापागोट्यांत माझ्या नावाने चिठ्ठी निघाली : 'भोंग्याला म्हणतो लाइट, याचे कान करा टाइट!'

सगळ्यात रंगलं ते १९९७ चं. लाइटला शंभर वर्षं होत होती, म्हणून इतिहासाच्या सरांनी नाटुकलं बसवलं. वर्गातला सगळ्यात उंच पोरगा लाइट बांधणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप झाला, डोक्यावर सरांचीच हॅट. त्याचं वाक्य मला अजून पाठ आहे : "रुळांत अंतर अडीच फूट, पण भार दर आसावर पाच टन! इंजिन असो की वाघीण!" आस म्हणजे चाकांच्या जोडीचा दांडा, वाघीण म्हणजे मालाचा डबा. सरांनी तालमीत ते पोत्यावरून समजावलं होतं. एकट्याने उचललं तर पाठ मोडते, चौघांनी धरलं तर हलकं. भार असा सारखा वाटल्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले आणि १८९७ साली गाडी बार्शीत आली. "तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनला 'बार्शी रोड' म्हणत," हे वाक्य आलं आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या पिटल्या. कुर्डुवाडीचे पाहुणे कसनुसं हसले.

मग पुठ्ठ्याचे डबे जोडत गेले : १९०६ पंढरपूर, १९११ लातूर. १९२७ चं मिरज विंगेत बटाटेवडा खात होतं. त्याला ओढून आणेपर्यंत गाडी स्टेजवर उभी.

२००८ ला लाइटच्या जागी रुंद रुळांची ब्रॉडगेज आली. गेल्या वर्षी भाचीचं गॅदरिंग होतं, पत्रिकेत तेच 'ठीक सहा'. मी सवयीने साडेसातला पोचलो. पाहुणे मोटारीने वेळेत येऊन गेले होते, आणि माळी खुर्च्या उचलत होता.