प्रोसेसरचा वेग उतरवून वीज आणि उष्णता मोजली, तेव्हा

जड काम दिलं की लॅपटॉपचा प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसला टेकायचा आणि वेग आपोआप खाली यायचा; यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तोच वेग मी आधीच कमी ठेवला तर किती वीज वाचते, हे मोजून बघायचं होतं.

मोजणीत चुकायला भरपूर जागा आहे. वॅटमीटर प्लगवर लावला, पण आधी बॅटरी पूर्ण भरून घेतली; नाहीतर चार्जिंगची वीजही त्याच आकड्यात मिसळते. स्क्रीनचा उजेड कायम ठेवला आणि दर वेळी तोच व्हिडिओ त्याच सेटिंगवर एन्कोड केला. सुरुवातीचे वॅट बघून निष्कर्ष काढला नाही. इंटेलचे बरेच प्रोसेसर पहिली साधारण 28 सेकंद वाढीव पॉवर लिमिटवर (किती वॅट घ्यायचे या मर्यादेवर) धावतात, आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, पूर्ण तापायला तर काही मिनिटं जातात. तुलना केली ती पूर्ण कामाच्या वॅट-तासांची. वॅट निम्मे झाले पण काम दुप्पट वेळ चाललं, तर वाचलं काहीच नाही.

खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. चालू प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात बदलते. समजा 4.5 गिगाहर्ट्‌झला 1.3 व्होल्ट लागतात आणि 3.5 ला 1.0 व्होल्ट पुरतो. मग वॅट सुमारे 46 टक्क्यांवर येतात, वेळ 29 टक्के वाढतो, आणि त्याच कामाची ऊर्जा तरीही 59 टक्क्यांवर येते. व्होल्टेज तेच ठेवून क्लॉकचे, म्हणजे प्रोसेसरला ताल देणाऱ्या घड्याळाचे, ठोके नुसते गाळले, तर वॅट उतरतात, पण दर कामामागची ऊर्जा तेवढीच राहते. वर गळती करंट, म्हणजे काम नसतानाही चिपमधून झिरपणारी वीज, जास्त वेळ वाहतो तो वेगळाच. थ्रॉटलिंग म्हणजे बचत, हा समज इथेच फसतो.

म्हणून मी फक्त टर्बो काढला, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाणारा वाढीव वेग, जिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त लागतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 टक्के केलं की बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो. लिनक्सवर इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये ‘नो टर्बो’ला 1 द्यायचं. विंडोजमधली ती टक्केवारी 50 पर्यंत खाली ओढण्यात अर्थ नाही. एका पातळीखाली व्होल्टेज उतरतच नाही; काम मात्र लांबतं आणि तेवढा वेळ स्क्रीन, रॅम, पंखा सगळं वीज खात बसतं. मशीन रिकामं असताना तर या सेटिंगने जेमतेम फरक पडतो, कारण मोकळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) सी-6 सारख्या गाढ झोपेत आधीच गेलेले असतात.

तापमान आणि उष्णता यांची गल्लत करू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रोसेसर जेवढे वॅट घेतो, तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. धूळ साचून 100 अंशांवर अडकलेला, 25 वॅटवर रखडणारा प्रोसेसर 75 अंशांवर 45 वॅट खाणाऱ्यापेक्षा खोलीत कमी उष्णता सोडतो. 100 अंशांचा आकडा एवढंच सांगतो की उष्णता बाहेर पडायची वाट तुंबली आहे. पंख्याची जाळी साफ केली, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, की तापमान उतरतं आणि वॅट उलट वाढू शकतात. त्यात बिघाड काही नाही, प्रोसेसर आता पूर्ण वेगाने चालतोय. वॅटही कमी हवे असतील तर टर्बो बंद ठेवायचा किंवा पॉवर लिमिट उतरवायची.

एक खूण वेगळी ओळखा: तापमान 50 च्या आसपास, तरी वेग 400 ते 800 मेगाहर्ट्‌झवर खिळलेला. तिथे पेस्टला हात लावू नका. चार्जरची ओळख पटली नाही किंवा बोर्डवरचा एखादा सेन्सर चुकला, तर प्रोसेसरच्या ‘प्रोकहॉट’ पिनवर बाहेरून इशारा येतो आणि थंड प्रोसेसरही वेग पाडतो. आधी योग्य वॅटचा दुसरा चार्जर लावून बघा, मग चार्जर काढून फक्त बॅटरीवर.