काठावरचे

भाचीकडे जाता-येता रोज एक स्टेशन लागायचं. पॅरिसहून सेर्जीकडे जाणारी लोकल आधी सेन नदी ओलांडते, मग हे स्टेशन येतं आणि थोडं पुढे गेल्यावर वाझ नदी. पाटीवर नाव होतं कॉन्फ्लाँ फँ द्वाझ. पहिल्या दिवशी भाचीला विचारलं, म्हणजे काय गं?

ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "वाझचा शेवट. वाझ नदी इथं संपते ना, मावशी."

"संपते काय? मिळते म्हण."

"तेच ते."

तेच ते कसं असेल? मी कराडची. महाबळेश्वरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना आमच्याकडे अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून काटकोनात पूर्वेला वळतात. त्याला आम्ही प्रीतिसंगम म्हणतो. 'कोयनेचा शेवट' अशी पाटी कुणी तिथं लावली तर संध्याकाळपर्यंत ती पाटी नदीत दिसेल. आणि गंमत म्हणजे ज्या कॉन्फ्लाँचं हे स्टेशन, त्या नावाचा मूळ लॅटिन अर्थ संगम असाच आहे. म्हणजे गावाचं नाव संगम आणि स्टेशनचं नाव शेवट. एवढ्यावरून मी एका शनिवारी तिथं उतरायचं ठरवलं. भाचीला कारण पटलं नाही, पण ती आली.

(सेन म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतली सीन. सोलापूरकडच्यांना सीना नदी जवळची, त्यामुळे त्यांना तीच फ्रान्सला गेल्यासारखी वाटत असेल.)

तसं कॉन्फ्लाँ-सँत-ओनोरिन हे पाहायला जायचं गाव नाही. हौशी लोक वाझच्या काठानं आणखी वर ओव्हेरला जातात. तिथं 1890 साली व्हॅन गॉग वारला, त्यामुळे तिथली शेतंसुद्धा प्रसिद्ध आहेत. इथं मात्र पस्तीसेक हजार वस्ती, टेकडीवर चर्च आणि एक जुना दगडी बुरूज, खाली धक्का, आणि धक्क्याला एकीला एक खेटून बांधलेल्या लांबलचक बोटी. फ्रान्समधल्या नदीवाहतुकीची ही राजधानी. आपल्याकडे गोव्यात मांडवीवरून खनिज नेणारे बार्ज ज्यांनी पाहिले असतील त्यांना अंदाज येईल. तसेच बार्ज, फक्त मागच्या टोकाला घर असलेले. घर म्हणजे खरंच घर. खिडकीला क्रोशाचे पडदे, बाहेर जिरेनियमच्या कुंड्या, दारात पायपुसणं. एका बोटीच्या छतावर तर चक्क मोटार उभी होती, शेजारी छोटी क्रेन. गावात पोचलं की मोटार उचलून काठावर ठेवायची आणि बाजार करून यायचं.

संगमावर आधी गेलो. खरं सांगायचं तर निराशाच झाली. दोन्हीकडचं पाणी मातकट आणि कुठली रेघ कुठं संपली ते कळू नये इतकं संथ. ना घाट, ना देऊळ, ना भेळेची गाडी. बेल्जियममधून निघून सुमारे 340 किलोमीटर आलेली वाझ एखाद्या कारकुनानं सही करून घरी जावं तशी सेनमध्ये शिरते. आम्ही दोघी पाच मिनिटं उभ्या राहिलो. "झालं?" भाची म्हणाली. पोटात भूक होती आणि पुढच्या दुकानावर पाटी होती, दुपारची सुट्टी. एक ते चारसाठी पुण्याला उगाच बदनाम केलंय.

मग टेकडीवरच्या वाड्यात नदीवाहतुकीचं संग्रहालय आहे तिथं गेलो आणि माझी दुपार तिथंच गेली. खोल्याखोल्यांतून बोटींच्या छोट्या प्रतिकृती आहेत आणि त्या बोटी ओढण्याची शंभर वर्षांची मेहनत आहे. आधी घोडे काठानं चालत दोर ओढायचे. ज्याला घोडा परवडत नसे त्याच्या घरचीच माणसं छातीला पट्टा लावून ओढायची, बायकासुद्धा. मग 1850च्या दशकात पॅरिसपासून इथपर्यंत, म्हणजे सत्तरेक किलोमीटर, नदीच्या तळाशी लोखंडी साखळी टाकली. वाफेची बोट पुढून साखळी उचलायची, चाकांवर गुंडाळत पुढे सरकायची आणि मागून पुन्हा तळाशी सोडायची. रहाटावर चढणारा दोर आडवा करावा तसं. मागे बोटींची माळ. दोन साखळीवाल्या बोटी समोरासमोर आल्या की काय होत असेल, या विचारात मी बराच वेळ तिथं उभी होते. ताम्हिणी घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्यावर होतं तेच होत असणार.

मग 1879. फ्रेसिने नावाच्या बांधकाममंत्र्यानं ठरवलं की देशातल्या कालव्यांचे लॉक एका मापाचे हवेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली घ्यायची. माप ठरलं 39 मीटर लांब, 5.20 मीटर रुंद. मग बोटी त्याच मापाच्या झाल्या, साडेअडतीस मीटर लांब आणि 5.05 मीटर रुंद. म्हणजे दोन्ही अंगांना जेमतेम चार बोटं, तीही सैल नाहीत. अडीचशे-तीनशे टन गहू, वाळू नाहीतर कोळसा घेऊन चाललेली बोट अशा फटीत घालायची, वाऱ्यात, धुक्यात, दिवसातून कितीतरी वेळा. आणि घरात मागे चुलीवर आमटी.

इथं मला आई आठवली. वडील पाटबंधारे खात्यात होते. कराड, पाटण, वडूज, इस्लामपूर, दर तीन-चार वर्षांनी बदलीचा कागद यायचा. मग ट्रक. आई पितळेचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळायची, लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसायची आणि नव्या गावात पोचल्यावर पहिला आठवडाभर तिला झारा सापडायचा नाही. "सामान हलवलं की एक तरी वस्तू मागे राहते," असं ती म्हणायची. इस्लामपूरला ती वस्तू पाट्याचा वरवंटा होता. आता इथं संग्रहालयात बोटीतली एक खोली जशीच्या तशी मांडली होती. भिंतीत बसवलेलं कपाट, दारामागे पलंग, खुंटीला झारा. या बोटीवरच्या बाईनं आयुष्यात किती गावं बदलली असतील, रूआँ, पॅरिस, लील, आणि झारा त्याच खुंटीला. आईला हे दाखवायला हवं होतं. ती आधी पितळेची कडी बघून म्हणाली असती, चिंचेनं घासली असणार.

तिचं दुसरं बोलणं मात्र थांबलं असतं, कारण पुढच्या फोटोत पोरं होती. चालायला न शिकलेल्या पोराच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक छतावरच्या कडीला. पाण्यात पडू नये म्हणून. आणि सहा वर्षांचं झालं की तेच पोर काठावरच्या वसतिगृहात. घर चालत राहायचं, पोरं मागे राहायची. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरी हाच हिशेब आजही मांडतात, पोरगं फडावर न्यायचं की आजीकडे ठेवायचं. आम्हाला बदलीत शाळा बदलावी लागायची म्हणून मी रडायचे. निदान रडायला आई बरोबर असायची.

संध्याकाळी धक्क्यावर परत आलो. ओळीत शेवटच्या बोटीच्या छतावर एक आजोबा घडीची खुर्ची टाकून कॉफी पीत बसले होते. भाचीनं 'बाँज्यूर' म्हटलं, त्यांनी मान हलवली, आणि माझ्या साडीकडे बघून त्यांनीच विचारलं की कुठून आलात. पुढचं सगळं भाचीच्या तोंडून. ते बोटीवर जन्मले, त्यांची बायको दुसऱ्या बोटीवर. आता माल नेत नाहीत, बोट इथं बांधून टाकली आहे. मुलगा पॅरिसजवळ फ्लॅटमध्ये राहतो. "तो काठावरचा झाला," ते म्हणाले. बोटीवरची माणसं बाकी सगळ्या जगाला काठावरचे म्हणतात. डॉक्टर असो, पोलीस असो, पंतप्रधान असो, काठावरचा. आम्हाला 'काठावर' म्हटलं की पस्तीस मार्कच आठवतात, हे मी भाचीला भाषांतर करू दिलं नाही.

मालाचं विचारलं तर ते खुलले. पूर्वी माल मिळायचा तो नंबरानं. बोट रिकामी झाली की कचेरीत नाव नोंदवायचं, मालाची यादी निघायची, ज्याचा नंबर आधी त्यानं आधी निवडायचं. आपला रिक्षा स्टँड. भाव ठरलेला, त्यामुळे मोठ्या कंपनीवाल्याला पुढे घुसता यायचं नाही. 2000 साली ते बंद झालं, बाजार मोकळा झाला. "आता फोनवर घासाघीस," ते म्हणाले आणि हातानं फोन फेकल्यासारखं केलं. उत्तरेकडे आता नवा कालवा खोदताहेत, वाझवरच्या कोंपियेनपासून काँब्रेच्या बाजूला, 107 किलोमीटर, चार हजार चारशे टनांच्या बोटींसाठी. त्यांच्या बोटीसारख्या डझनभर बोटींचा माल एकाच बोटीत. मी विचारलं, वाईट वाटतं? त्यांनी खांदे उडवले. "पाणी वाढलं तर बरंच की."

मग त्यांची पाळी. तुमच्याकडे नद्या आहेत का? मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की मीसुद्धा संगमावरच्याच गावची, दोन नद्या अशा समोरासमोर येतात, मी दोन्ही हात आपटून दाखवले. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. नंतर धंद्यातल्या माणसानं विचारावा तसा प्रश्न विचारला: "मग तिथं माल काय उतरतो?"

मी गप्प. आमच्या संगमावर कसला माल? बायका ओटी सोडतात. निर्माल्य. दहाव्याला लोक येतात. शेवटी खरं ते सांगितलं, की माल नाही उतरत, अस्थी विसर्जन करतात. हे फ्रेंचमध्ये सांगताना भाची दोनदा अडखळली. आजोबांनी जरा विचार केला.

"हलका माल," ते म्हणाले.

भाची हसावं की नाही म्हणून माझ्याकडे बघत होती. मी हसले.

परतीच्या वाटेवर धक्क्याला एक सत्तर मीटर लांबीची बोट बांधलेली आहे, 'ज सेर', म्हणजे 'मी सेवा करतो'. ती लोखंडाची नाही, सिमेंट काँक्रीटची. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून कोळसा वाहायला अशा बोटी ओतल्या होत्या. काँक्रीट तरंगतं हे मला पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या मुलीनं सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, आणि ती मुलगी मीच. 1936 साली एका पाद्र्यानं तिचं देऊळ केलं, बोटवाल्यांचं चर्च. आणि गेल्या काही वर्षांत तिथं तिबेटी निर्वासित येऊ लागले, इतके की या गावात आता तिबेटी चेहरे नवे राहिलेले नाहीत.

बोटीसमोरच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं माझी साडी पाहिली आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, इंडिया से?" ती लहानपणापासून कर्नाटकात वाढलेली, आणि हिवाळ्यात आईबरोबर पुण्यात स्वेटर विकायला बसायची. "फिक्स रेट," ती म्हणाली आणि दोघी आम्ही एकदम हसलो, कारण त्या फिक्स रेटवर मी दर डिसेंबरला वाद घातलेला आहे. मराठी आकडे तिला पाठ होते, साडेतीनशे, पावणेचारशे. पावणेचारशे म्हणता येणारी बाई मला सेनच्या काठी भेटेल असं वाटलं नव्हतं. इथं कसं वाटतं विचारलं तर म्हणाली, थंडी ठीक आहे, कागद मिळायला वेळ लागतो. तिनं नदीकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही पुन्हा मागे फिरून काठावर थांबलो. तेवढ्यात वरच्या अंगानं एक भरलेला बार्ज आला, वाळूचे ढीग, पाण्याच्या जेमतेम वर, आवाज असा की छातीत जाणवावा. तो पुढे निघून गेला आणि त्याची लाट मागाहून निवांत धक्क्याकडे आली. बांधलेल्या बोटी एकामागून एक वर उचलल्या गेल्या आणि खाली बसल्या, दोर करकरले, कुठल्या तरी स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. आजोबा भाचीला हात करत होते. लाट त्यांच्या बोटीपर्यंत यायच्या आधीच त्यांनी, न बघता, डावा तळवा कॉफीच्या कपावर ठेवला होता.